थोरल्या पातीची बाटली, धाकट्या पातीची पुडी

ते प्रकरण मनातून गेले असे एकही वर्ष झालेले नाही, आणि त्याचे कारण गुन्हा नाही. गुन्हा तिथे झालाच नव्हता. तो घडता घडता राहिला, आणि घडला असता तर माझ्या हातून घडला असता. म्हणून निवृत्तीनंतर लिहायला बसलो तेव्हा दरोडे आणि खून बाजूला ठेवून आधी हेच लिहावे असे वाटले. नावे कुणाचीच देत नाही. त्या घराण्यातली माणसे अजून देवासात आहेत.

मी मूळचा धारचा. धार संस्थानच्या पोलिसात लागलो, विलीनीकरणानंतर मध्यभारताच्या पोलिसात आलो आणि दोन बदल्या होऊन देवासला ठाणेदार म्हणून रुजू झालो. धारच्या माणसाला देवास कळायला वेळ लागतो. आमच्याकडे एक गादी, एक दरबार, एक कचेरी. देवासला सगळे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात शेजारी शेजारी नांदलेली. दोन राजवाडे, दोन कचेऱ्या, दोन पोलीस. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. संस्थाने संपली तरी लोकांच्या बोलण्यात पाती राहिली होती. नवा माणूस भेटला की नावाच्या आधी विचारायचे, "थोरल्या पातीचे की धाकट्या?" मी धारचा म्हटले की निराश व्हायचे.

माझ्या ठाण्यातही तीच तऱ्हा होती. दोन्हींकडचे शिपाई एकत्र केले होते, पण मालखान्यात लाकडी कपाटे दोन, आणि प्रत्येकाची वही वेगळी. हेडमोहरीर, म्हणजे लिखापढी पाहणारा जुना हवालदार, थोरल्या पातीचा. त्याला मी पहिल्याच आठवड्यात विचारले की सरकार एक झाले तर कपाटे दोन कशाला. तो माळवी माणूस. म्हणाला, "साब, ई अलमारी थोरली की हे, वा छोटी की. दोनों को माल कदी मिलायो नी." मी हसलो आणि सोडून दिले. ते सोडून द्यायला नको होते.

चैत्र नुकताच लागला होता. एक शाळामास्तर अर्ज घेऊन ठाण्यात आले. तिशीतले, धोतर-कोट, अक्षर मोत्यासारखे. त्यांची धाकटी बहीण धाकट्या पातीतल्या एका दरबारी कारकुनाच्या घरी दिली होती. मास्तर स्वतः थोरल्या पातीचे. अर्जात लिहिले होते की बहिणीची सासू तिला रोज सकाळी कसली तरी पुडी देते, बहीण दिवसेंदिवस वाळत चालली आहे, आणि तिला मारून मुलाचे दुसरे लग्न लावायचा त्या घराचा बेत आहे.

"बहीण काय म्हणते?" मी विचारले.

"ती काय म्हणणार, साहेब? सासरची माणसं. ती म्हणते, मूल व्हायचं औषध आहे."

"मग असेल तसं."

"साहेब, ही बाई अंगानं चांगली दुहेरी होती. लग्नातल्या पाटल्या तिच्या हातात शिरत नव्हत्या, वाढवून घ्याव्या लागल्या. आता त्याच पाटल्या कोपरापर्यंत वर जातात. आणि भूक म्हणाल तर दोन माणसांची. खाते आणि वाळते. असं कुठं असतं?"

मी अर्जावर 'कौटुंबिक, चौकशीसाठी' असा शेरा मारून तो फाइलला लावला. सासू-सुनांचे अर्ज महिन्याला पाच-सहा यायचे. हा त्यातलाच एक, असे मी धरून चाललो.

दहा-बारा दिवसांनी ती बाई कोसळली. चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते त्या घरी. माळव्यात आपल्या मराठी घरांतून चैत्रगौर अजून जुन्या थाटात मांडतात. आरास, कैरीची डाळ, पन्हे. सून बायकांच्या हातावर डाळ घालत होती. तिचा हात इतका कापत होता की डाळ बायकांच्या लुगड्यांवर सांडली. कुणीतरी काही बोलले, ती हसली, आणि वाटी हातातून पडून ती गौरीसमोरच खाली बसली. छाती धडधडत होती, अंग घामाने निथळत होते, बोलणे असंबद्ध. तिला टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेले. मास्तर तिथून थेट ठाण्यात आले आणि माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आता तरी लिहून घ्या."

मी लिहून घेतले. पहिला अर्ज माझ्याच फाइलमध्ये पडून होता, ही गोष्ट मनाला लागली होती आणि त्या भरात मी जरा जास्तच तडफ दाखवली. पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच्या चुकीची भरपाई करायच्या घाईत कधी तपास करू नये, हे मला तेव्हा समजत नव्हते.

सरकारी डॉक्टरांनी बाईला तपासले. नाडी मोजता येणार नाही इतकी जलद. त्यांनी मास्तरांना विचारले, "काही औषध चालू होतं का?" मास्तर म्हणाले, "सासूची पुडी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. विषाची शंका आहे, म्हणाले, पण कोणते ते सांगता येत नाही, पुडी तपासायला पाठवा. रासायनिक तपासणीचा अहवाल यायला तेव्हा आठवडेच्या आठवडे लागायचे. तोवर ही बाई राहील का, असे मी विचारले. ते म्हणाले, "हृदय असंच धावत राहिलं तर नाही राहणार."

त्याच दिवशी दोन पंच घेऊन मी त्या घरी गेलो. घर लहान, स्वच्छ, दारात तुळस. सासू साठीच्या आसपासची विधवा, पांढरे लुगडे, ताठ मान. त्या घरात सासूला आत्याबाई म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. बाईंचे सोवळे इतके कडक की आमच्यातला एक शिपाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हात टेकून उभा राहिला तर त्यांनी तो उंबरा आमच्यादेखत पाण्याने धुतला. देवघराच्या फडताळात एका पितळी डब्यात सात पुड्या मिळाल्या. तांबूस-पिवळी भुकटी, साखर घातलेली. पंचनामा करून त्या जप्त केल्या.

"या पुड्या कुठून आणल्यात, बाई?"

त्यांनी फडताळाचे दार लावून घेतले.

"यात काय आहे?"

"औषध आहे."

"कशाचं?"

त्या माझ्या डोक्यावरून देवांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला न्या ठाणेदार. पण पुडीत काय आहे ते मी सांगायची नाही."

माणूस खोटे बोलायला लागला की पोलिसाचे काम सोपे होते, कारण खोट्याला कुठेतरी जोड लागतेच. न बोलणाऱ्यापुढे हात टेकावे लागतात. पुढचे तीन दिवस मी रोज गेलो. रोज तेच. मी दम दिला, समजावले, सून मरेल असे सांगितले. सून मरेल म्हटल्यावर मात्र त्यांच्या तोंडाचा रंग उतरला. "पुडीनं मरायची नाही ती," एवढेच बोलल्या. त्या बोलण्यात इतकी खात्री होती की मला ती निर्ढावलेपणाची वाटली.

मुलाचा, म्हणजे नवऱ्याचा जबाब घेतला. तो मान खाली घालून बोलणारा माणूस. लग्नाला सहा वर्षे, मूल नाही. डॉक्टरीण म्हणाली होती की अंगात मेद फार आहे, पाळी नीट येत नाही, वजन उतरल्याशिवाय मूल राहणे कठीण. चुलत्यांनी दुसरे लग्न सुचवले. धारला एक स्थळही पाहिले. तेव्हा आमच्याकडे दुसऱ्या लग्नाला कायद्याची आडकाठी नव्हती.

"तुम्ही हो म्हणालात?"

"मी नाही म्हणालो नाही," तो म्हणाला.

म्हणजे हेतू सापडला. पुडी सापडली, देणारी सापडली, बाई दवाखान्यात. इंदूरहून वरिष्ठांचा निरोप आला की अटक का होत नाही. दोन हुकूम मी पहिल्याच दिवशी दिले होते. दवाखान्याच्या खोलीशी शिपाई बसवला आणि सासरच्या कुणालाही आत सोडायचे नाही असे बजावले. आणि मास्तरांना बहिणीच्या उशाशी बसायची मुभा दिली. तिच्या तोंडात पाणी जाईल ते फक्त भावाच्या हातचे जाईल, असे मी स्वतः रोजनामच्यात लिहिले. ते वाक्य मला आजही पाठ आहे.

अटकेपूर्वी हेतू पक्का करावा म्हणून मी धारला गेलो. सकाळच्या मोटारीने इंदूर, तिथून धार. माझेच गाव, त्यामुळे स्थळाचे घर शोधायला कुणाला विचारावे लागले नाही. मुलीचे वडील जुने दरबारी लेखनिक. मला लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी गुळपाणी दिले आणि मी विषय काढताच म्हणाले, "अरे, ते तर कधीच मोडलं."

"कुणी मोडलं?"

"मुलाच्या आईनं."

त्यांनी कोनाड्यातून एक कागद काढला. मोडी लिपीत, बाईमाणसाच्या हातचा, संक्रांतीच्या सुमाराचा. दरबाराच्या शिस्तीत वाढल्यामुळे मला मोडी वाचता येत होती. दोनच ओळी होत्या. आमची सून आमचे घरी नांदते आहे व पुढेही नांदेल, आपले कन्येस अन्य स्थळ पाहावे, या कामी माझे दीर व चिरंजीव काही म्हणतील तर ते मानू नये.

मी तो कागद तीनदा वाचला. जी बाई सुनेला मारून मुलाचे दुसरे लग्न लावणार, तिने स्वतःच ते लग्न मोडले होते, आणि तेही मुलाला न कळवता. मग पुडी कशाची? पाणी कुठेतरी दुसरीकडेच मुरत होते. मुलीच्या वडिलांनी जेवून जा म्हटले. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवासला पोचलो. पुड्या रासायनिक तपासणीला पाठवायचे पत्र तयार करायचे होते, म्हणून मी मालखाना उघडायला लावला. हेडमोहरीराने धाकट्या पातीच्या कपाटातून पुड्यांचे पाकीट काढले, कारण जप्तीला गेलेला शिपाई त्या बाजूचा होता. दुसऱ्या कपाटाचे दार अर्धवट उघडे होते. आत कापडात गुंडाळलेले काही दिसले. त्यावरच्या चिठ्ठीवर त्याच बाईचे नाव होते.

"हे काय?"

"ई तो दवाखाना को सामान हे, साब. बाई का मोती का गजरा, पाटली, ने एक शीशी. नर्स ने दियो थो."

"मला का नाही सांगितलं?"

"ई जब्ती को माल थोड़ी हे. ई तो बाई को अपनो सामान हे. मैंने लियो, तो म्हारी अलमारी में रख्यो."

त्याच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती. बाईला दवाखान्यात आणले तेव्हा तिच्या कनवटीला बांधलेली काचेची बाटली नर्सने काढून ठेवली आणि दागिन्यांसकट त्याच्याकडे दिली. त्याने ती आपल्या कपाटात ठेवून आपल्या वहीत लिहिली. जप्तीची नोंद दुसऱ्या वहीत. पाच दिवस त्या दोन वस्तू एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर होत्या. एकमेकींजवळ आल्याच नव्हत्या.

बाटलीत अकरा गोळ्या होत्या. चिठ्ठीवर थोरल्या बाजूच्या एका डॉक्टरची सही आणि 'रोज एक' एवढेच. मी पुडीतली भुकटी एका कागदावर घेतली, दुसऱ्यावर एक गोळी ठेवून चमच्याने चुरडली. रंग तोच. मग वास घेतला. साखरेच्या आडून एक अगदी पुसट, मांसासारखा वास येत होता. दोन्हींना. हेडमोहरीराला वास घ्यायला सांगितले तर त्याला काही कळेना. तो जन्माचा शाकाहारी. मी मराठ्याच्या घरचा, मला तो वास ओळखीचा होता. पुडीची घडी पाहिली. दुमडून टोक आत खोचलेली, सातही पुड्या एका मापाच्या. ही घडी वैद्याची नाही, मांत्रिकाची तर नाहीच. दवाखान्यातल्या कंपाउंडरची होती.

थोरली बाजू म्हणजे तिचे माहेर, आणि उशाशी मी माहेरचाच माणूस बसवला होता. मी दवाखान्याकडे पळत निघालो. तेव्हा माझे पोट बऱ्यापैकी सुटलेले होते आणि शिपाई माझ्या पट्ट्याच्या भोकांवरून आपापसात चेष्टा करत, तरी मी पळालो. भर उन्हात ठाणेदार पळतो म्हटल्यावर बाजारातले लोक दुकानांतून उठून उभे राहिले.

खोलीत मास्तर बहिणीचे डोके हाताने उचलून तिला पाणी पाजत होते. दुसऱ्या हातात गोळी होती.

"थांबा!"

"काय झालं, साहेब?"

"ती कसली गोळी?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच वेडा. "ही? ही आपली नेहमीची. आमच्या डॉक्टरची. दिवाळीपासून चालू आहे. वजन बेतानं उतरायची. वाळली ती पुडीनं. जुनी बाटली कुठं हरवली म्हणून मी नवी आणली."

"सरकारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"अहो, त्यांनी अपाय कशानं झाला ते विचारलं! आमच्या डॉक्टरच्या औषधानं आमच्या तीन पिढ्यांत कुणाला अपाय झालेला नाही."

हे ते मनापासून बोलत होते. पाच दिवस, दिवसाला एक, ते गोळी देत होते. आणि त्यांच्याखेरीज कुणाचाही हात तिला लागू नये याची व्यवस्था मी केली होती, शिपाई बसवून. मी त्यांच्या हातातली गोळी काढून घेतली.

सरकारी डॉक्टरांना गोळी दाखवताच त्यांनी कपाळाला हात लावला. जनावराच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून केलेली गोळी. अंगातली भट्टी जोरात पेटवते, त्यात मेद जळतो. वजन उतरते ते खरे, ते म्हणाले, पण ही गोळी मेद आणि मांस असा भेद करत नाही. हृदयालाही पळवते. थोडी दिली तर उपयोग दिसत नाही, म्हणून माणसे धीर सोडतात. जास्त दिली तर हे असे होते. या दोन्हींच्या मधली वाट फार अरुंद, आणि तीही दर आठवड्याला नाडी पाहत चालायची. "आणि इतकं करून गोळी थांबवली की वजन बहुधा परत येतंच," ते म्हणाले. "हे कुणी रोग्याला सांगत नाही."

संध्याकाळी दोन्ही डॉक्टरांना मी ठाण्यात बोलावले. दोघे एकाच गावात वीस वर्षे डॉक्टरकी करत होते आणि एका टेबलाशी कधी बसले नव्हते. थोरल्या बाजूच्याने सांगितले, मास्तरांना दिवाळीत गोळी सुरू केली, मात्रा बेताची. धाकट्या बाजूच्याने सांगितले, आत्याबाईंना संक्रांतीला दिली, मात्रा बेताची. दोघांचेही खरे होते. दोघांनीही विचारले होते, दुसरे औषध चालू आहे का. दोघांनाही उत्तर मिळाले होते, नाही. सुनेने पुडी मूल होण्याची समजून घेतली आणि गोळी सासरी कळू नये म्हणून कनवटीला बांधली. त्या पातीच्या डॉक्टरचे औषध या पातीच्या घरात चालले नसते, हे तिला पक्के माहीत होते. आणि गोळी तिला सोडायची नव्हती. वजन उतरत होते.

"पण गोळीची भुकटी का केलीत?" मी धाकट्या बाजूच्या डॉक्टरला विचारले. ते टेबलावरच्या पुडीची घडी पुन्हा घालू लागले. मग म्हणाले, "मी बाईंना शब्द दिलाय."

मला तेवढ्याने कळले. मी एकटाच त्या घरी गेलो. शिपाई दाराबाहेर ठेवला, स्वतः अंगणातच उभा राहिलो, उंबऱ्याला हात न लावता.

"बाई, पुडीत काय आहे ते मला कळलंय. मी मराठा आहे, मला वास येतो."

त्या मटकन खाली बसल्या. इतके दिवस ताठ असलेली ती मान एकदम वाकली. मला वाईट वाटले, आणि ते वाटायला पाच दिवस उशीर झाला होता, याचेही वाईट वाटले.

"डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं मला, कशाची असते ती," त्या हळू बोलल्या. "म्हटलं, गोळी नको, पूड करून द्या, साखर घाला, तिला कळायला नको. माझ्या हातानं देत होते रोज. तिला देऊन मग आंघोळ करायची, पुन्हा देवाला हात लावायचा. दोनदा आंघोळ रोज. थंडीत सुद्धा."

"मग हे मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला तुरुंगात टाकणार होतो."

"तुरुंगात माझं मला. हे कळलं असतं तर ती जेवली नसती या घरात. गौरीला हळदकुंकू लावते ती. बाटवली म्हणून तिच्या मनात राहिलं असतं जन्मभर." मग त्यांनी विचारले, "ती जगेल ना?"

मी जगेल म्हणालो. मला तेव्हा खात्री नव्हती.

ती जगली. दोन्ही औषधे बंद झाल्यावर नाडी खाली यायला तीन आठवडे लागले. मी अंतिम अहवालात लिहिले, एकाच प्रकारच्या औषधाचे दोन ठिकाणांहून अजाणता सेवन, कुणाचाही दुष्ट हेतू नाही. औषध कशाचे ते लिहिले नाही. तपासाच्या कागदात एवढी एकच गोष्ट मी नोकरीत जाणूनबुजून गाळली आहे.

यानंतर वर्ष गेले असेल. मुद्देमाल परत न्यायची सूचना गेली होती. सून आणि आत्याबाई दोघी ठाण्यात आल्या. सून पुन्हा पूर्वीसारखी झाली होती, थोडी जास्तच. बांगड्या हातात रुतत होत्या. हेडमोहरीराने गजरा दिला, पाटली दिली, तिने पावतीवर सही केली. मग ती जागची हलेना.

"साहेब, बाटली?"

"ती कशाला?"

"माझी आहे ना ती? वहीत लिहिलंय." ती खाली पाहत होती. "चुलतसासरे परत यांच्या लग्नाचं बोलायला लागलेत. दुसरं कुणी स्थळ आहे. अकरा आहेत त्यात. अर्धी अर्धी घेईन. सांभाळून घेईन. एवढ्यानं मरत नाही कुणी."

कायद्याने बाटली तिचीच होती. जी वस्तू कुणाकडून चोरलेली नाही, ती मालकाने मागितल्यावर पोलीस ठेवून घेऊ शकत नाही. मी हेडमोहरीराकडे पाहिले. त्याने नाइलाजाने थोरल्या पातीचे कपाट उघडले.

आत्याबाई दारातल्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठून आल्या. ठाण्यात चार शिपाई होते, दोन फिर्यादी बसले होते. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, त्या सुनेला म्हणाल्या, "ती पुडी कशाची होती ठाऊक आहे तुला? बोकडाच्या नरड्यातली. मी ठाऊक असून घातली तुझ्या तोंडात, माझ्या हातानं."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. फिर्यादींपैकी एक जण कानाला हात लावून बाहेर गेला.

"आत्याबाई..."

"बाटले मी ती तू त्या घरात राहावीस म्हणून. तू बारीक व्हावीस म्हणून नव्हे. तेवढं मला तेव्हा कळलं नाही, आता कळलंय. ज्याला दुसरी आणायचीय त्यानं आधी मला बाहेर काढावं. आता सही कर आणि ती बाटली साहेबांना देऊन टाक."

सुनेने बाटली घेतली. बराच वेळ हातात धरली. मग माझ्या टेबलावर ठेवली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. आत्याबाईंनी तिला जवळ घेतले. सोवळ्याची बाई, पोलीस ठाण्यात, परजातीच्या माणसांच्या गर्दीत. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. पुढे एक-दोन वर्षांत दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा आला, पण त्या घरातला निकाल त्याआधीच लागला होता.

पोलिसाला दुष्टपणा हुडकायची सवय लागते. या प्रकरणात भाऊ, सासू, दोन डॉक्टर, सगळे चांगलेच करत होते, प्रत्येक जण दुसऱ्याला चोरून. मी वाईट करणारा शोधत बसलो आणि चांगले करणाऱ्याला उशाशी बसवून पहारा दिला. त्यानंतर विषप्रयोगाच्या प्रत्येक तक्रारीत मी संशयिताकडे जाण्याआधी फिर्यादीलाच पहिला प्रश्न विचारत असे, की तुम्ही स्वतः यांना काय देता. पुष्कळांना राग यायचा.

त्या दोघी गेल्यावर मी हेडमोहरीराला सांगून ती दोन कपाटे भिंतीपासून ओढली, मधली जागा काढून एकमेकांना चिकटवली आणि दोन वह्या बंद करून एकच नवी सुरू केली. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. अकरा गोळ्या मी ठाण्यामागच्या मोरीत ओतल्या. नव्या वहीतली पहिली नोंद तीच आहे.